एम सी डेल्टा टी, पण कोणाचा एम आणि कोणाचा टी?

मागच्या वेळी कॅलरीमेट्रीच्या, म्हणजे उष्णता मोजण्याच्या, गणितांवर प्रश्न पाठवा असं लिहिलं होतं. पत्रं भरपूर आली आणि गंमत म्हणजे जवळपास सगळ्यांचं म्हणणं एकच, की एम सी डेल्टा टी हा फॉर्म्युला (वस्तुमान गुणिले स्पेसिफिक हीट गुणिले तापमानातला फरक, म्हणजे उष्णता) तोंडपाठ आहे तरी गणित सुटत नाही. स्पेसिफिक हीट म्हणजे एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता. काही निवडक प्रश्न घेतलेत. ज्यांचे नाही घेतले त्यांनी नाराज होऊ नका, तुमचं उत्तर बहुतेक दुसऱ्याच्या उत्तरात सापडेल.

प्रश्न : मॅडम, मी पहिल्या वर्षाला आहे. गणित असं होतं की ५०.० ग्रॅम धातूचा तुकडा १००.० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला आणि २२.० अंशाच्या १००.० ग्रॅम पाण्यात टाकला, शेवटी दोघांचं तापमान २५.४ अंश झालं, तर धातूची स्पेसिफिक हीट काढा. मी दोन्हीकडे एम सी डेल्टा टी लिहून बरोबरचं चिन्ह टाकलं तर उत्तर ८.३७ आलं. पुस्तकात ०.३८ आहे. फॉर्म्युला तर बरोबर आहे ना, मग चुकलं कुठे?

उत्तर : फॉर्म्युला बरोबर आहे, बरोबरचं चिन्हही योग्य जागी आहे. तुझा ८.३७ आकडा कसा आला ते मी उलटं करून बघितलं. तू डेल्टा टी म्हणून दोन्हीकडे ३.४ घेतलास, म्हणजे पाण्याचा फरक धातूलाही लावून टाकलास. पाणी २२.० वरून २५.४ वर गेलं, त्याचा फरक ३.४, हे खरं. पण धातू कुठून निघाला? १०० वरून. आणि थांबला कुठे? २५.४ वर. म्हणजे त्याचा फरक ७४.६ अंशांचा. शेवटचं तापमान दोघांचं एकच असतं, फरक मात्र ज्याचा त्याचा असतो, आणि मला वाटतं या अख्ख्या धड्यात सर्वात जास्त मार्क इथेच जातात.

मी विद्यार्थ्यांना एक सवय लावते, ती तूही लावून घे. कॅलक्युलेटर बाजूला ठेव आणि आधी कागदावर दोन नावं लिही, धातू आणि पाणी. प्रत्येकाच्या खाली त्याचं वस्तुमान, त्याची स्पेसिफिक हीट, त्याचं सुरुवातीचं तापमान, त्याचं शेवटचं तापमान असं लिहून काढ, जे माहीत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक. फॉर्म्युल्यातल्या प्रत्येक अक्षराला मालक असतो, मालक न विचारता आकडा उचलला की असं होतं. आता बघ. पाण्याने घेतलेली उष्णता म्हणजे १०० गुणिले ४.१८४ गुणिले ३.४, साधारण १४२३ ज्यूल. हे १४२३ ज्यूल धातूनेच दिलेत, दुसरं कोणी तिथे नाहीच. मग १४२३ भागिले ५० आणि ७४.६ चा गुणाकार, म्हणजे ३७३०. उत्तर ०.३८ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश. तांब्याची स्पेसिफिक हीट ०.३८५ असते, तेव्हा तो तुकडा तांब्याचा असावा.

अजून दोन गोष्टी. एक म्हणजे ८.३७ हा आकडा बघूनच तुला खटकायला हवा होता, कारण पाण्याची स्वतःची ४.१८४ आहे आणि तुझा धातू पाण्याच्या दुप्पट निघाला! धातूंचे आकडे पाण्यापेक्षा बरेच खाली असतात, लोखंड ०.४४९, ॲल्युमिनियम ०.८९७, शिसं तर ०.१२८ च्या आसपास, आणि धातूंमध्ये वर असलेलं लिथियमसुद्धा ३.५८ पर्यंतच जातं. त्यामुळे धातूचं उत्तर चारच्या वर गेलं की सरळ मागे फिरायचं. दुसरी गोष्ट म्हणजे उत्तर ०.३८ च का लिहायचं, ०.३८१४ का नाही, तर २५.४ मधून २२.० वजा केल्यावर ३.४ उरतात, तीन अंकी दोन आकड्यांमधून दोन अंकीच आकडा हाती आला. मोजमापाची अचूकता तिथेच कमी झाली, पुढे कितीही दशांश लिहिले तरी ती परत येत नाही.

प्रश्न : सर किंवा मॅडम, माझं असं होतं की उत्तर बरोबर येतं पण चिन्ह चुकतं. ५० मिली हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ५० मिली सोडियम हायड्रॉक्साइड, दोन्ही १.० मोलर (लिटरला एक मोल), मिसळल्यावर तापमान २१.० वरून २७.७ झालं. तापमान वाढलं म्हणजे डेल्टा टी अधिक, मग उष्णता अधिक, मग डेल्टा एच (अभिक्रियेत घेतलेली किंवा दिलेली उष्णता) पण अधिकच हवा ना? पण उत्तरात उणे ५६ किलोज्यूल प्रति मोल दिलंय. शिवाय मला निम्मं २८ येतंय. खूप वेळ डोकं लावलं, समजत नाहीये.

उत्तर : तुझ्या दोन्ही चुका मुळात एकच आहेत, बघ पटतंय का. थर्मामीटर कशात बुडवलाय? पाण्यात. म्हणजे द्रावणात. अभिक्रियेचं स्वतःचं तापमान आपण मोजतच नाही, मोजताच येत नाही, आपण फक्त तिच्या शेजाऱ्याचं तापमान मोजतो आणि त्यावरून तिने काय केलं ते ओळखतो. शेजारी गरम झाला, म्हणजे त्याला उष्णता मिळाली, म्हणजे अभिक्रियेने ती दिली. देणाऱ्याच्या खात्यावर उणे लागतं. मोजलेली उष्णता द्रावणाची आणि डेल्टा एच अभिक्रियेचा, यांच्यामध्ये नेहमी एक उणे असतो, आणि तो उणे लिहून मगच पुढे जायचं, शेवटी आठवेल तेव्हा लावू असं ठेवलं की परीक्षेत आठवत नाही.

आणि निम्मं का आलं? तू वस्तुमान ५० ग्रॅम घेतलंस, हो ना? गरम कोण झालं ते विचार. आम्लाचे ५० मिली गरम झाले आणि अल्कलीचेही ५० मिली झाले, भांड्यात आता १०० मिली आहेत, म्हणून साधारण १०० ग्रॅम. १०० गुणिले ४.१८४ गुणिले ६.७ म्हणजे २८०३ ज्यूल, २.८० किलोज्यूल. मोल मात्र १०० मिलीवरून काढायचे नाहीत! आम्लाचे मोल आम्लाच्या ५० मिलीत आहेत, ०.०५० लिटर गुणिले १.० म्हणजे ०.०५० मोल, अल्कलीचेही तेवढेच, आणि दोघं मिळून पाणीही ०.०५० मोलच तयार करतात. २.८० भागिले ०.०५० म्हणजे ५६, उणे लावलं की झालं. इथे वस्तुमान सगळ्यांचं मिळून घ्यायचं आणि मोल एकाचेच, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे, मालक विचारत गेलास की होत नाही.

याच गणितावर एक प्रश्न मी वर्गात नेहमी विचारते. दोन्ही द्रावणं ५० ऐवजी १००-१०० मिली घेतली तर तापमान किती वाढेल? बरेच जण पटकन दुप्पट म्हणतात. उष्णता दुप्पट निघते हे खरं, पण ती ज्याला तापवते ते पाणीही दुप्पट झालं, त्यामुळे वाढ तेवढीच, ६.७ अंश. हे एकदा मनात पक्कं बसलं की उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वाक्य पाठ करायची गरज राहत नाही.

उलट बाजूचं उदाहरणही करून बघ. १०० ग्रॅम पाण्यात ८.० ग्रॅम अमोनियम नायट्रेट विरघळवलं तर भांडं हाताला गार लागतं, तापमान ५.७ अंशांच्या आसपास खाली येतं. डेल्टा टी उणे, म्हणून द्रावणाची उष्णता उणे, म्हणून विरघळण्याचा डेल्टा एच अधिक. वस्तुमान इथे १०८ ग्रॅम घे, कारण क्षारही आता द्रावणाचाच भाग आहे आणि तोही गार झालाय. ८.० ग्रॅम म्हणजे ०.१० मोल, आणि उत्तर अधिक २६ किलोज्यूल प्रति मोलच्या जवळ येतं.

प्रश्न : तापमान केल्विनमध्ये बदलून घ्यायचं की सेल्सिअस चालतं? आमच्याकडे दोन शिक्षक दोन गोष्टी सांगतात.

उत्तर : फरक काढायचा असेल तर काहीही घ्या, २२ ते २५.४ अंश हा फरक ३.४ आणि २९५.१५ ते २९८.५५ केल्विन हाही ३.४ च. चूक एकाच ठिकाणी होते, ती म्हणजे सेल्सिअसमध्ये फरक काढायचा आणि मग त्या फरकातच २७३ मिळवायचे. फरकाला कधीच काही मिळवायचं नाही.

प्रश्न : मी स्वतः नोकरी करून मुलीचा अभ्यास घेते, शाळेत मी विज्ञान शिकले त्याला बरीच वर्षं झाली. बर्फाच्या गणितात आम्ही दोघी अडकलोय. २५ ग्रॅम बर्फ, उणे १० अंश, तो ३० अंशाच्या २०० ग्रॅम पाण्यात टाकला, शेवटचं तापमान काढा. आम्ही बर्फाला उणे १० पासून शेवटच्या तापमानापर्यंत एकदाच एम सी डेल्टा टी लावलं. उत्तर जुळत नाही.

उत्तर : ताई, तुम्ही मुलीबरोबर बसून हे करताय हे वाचून खूप बरं वाटलं. बर्फ हा मला या धड्यातला सगळ्यात आवडता भाग, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बर्फाच्या प्रवासात तीन टप्पे आहेत आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा. आधी उणे १० चा बर्फ शून्याचा बर्फ होतो, तेव्हा बर्फाची स्पेसिफिक हीट लावायची, २.०९, पाण्याची नाही. २५ गुणिले २.०९ गुणिले १० म्हणजे ५२२.५ ज्यूल. मग शून्याचा बर्फ शून्याचं पाणी होतो, इथे तापमान जराही हलत नाही, म्हणून डेल्टा टी शून्य आणि एम सी डेल्टा टी इथे चालतच नाही, तरी उष्णता लागते आणि ती दाबून लागते, प्रत्येक ग्रॅमला ३३४ ज्यूल. २५ ग्रॅमला ८३५० ज्यूल. आणि शेवटी वितळून झालेलं ते २५ ग्रॅम पाणी शून्यापासून शेवटच्या तापमानापर्यंत तापतं, इथे ४.१८४. तुमच्या पद्धतीत मधला टप्पा पूर्ण गळाला आणि तोच तर सगळ्यात मोठा होता. मुलीला एवढं सांगा की एक ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला जी उष्णता लागते तेवढ्यात एक ग्रॅम पाणी शून्यापासून जवळपास ८० अंशांपर्यंत तापतं.

तापमान न बदलता शोषली जाणारी ही उष्णता जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात ग्लासगोला प्रयोग करून दाखवली. त्याआधी असं समजायचे की बर्फ शून्याला पोचला की अजून थोडीशी उष्णता दिली की झालं सगळं पाणी. ब्लॅक यांचं म्हणणं, तसं असतं तर ऊन पडल्यावर डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम वितळून पूर आले असते, पण प्रत्यक्षात तो हळूहळू वितळतो. या उष्णतेला आपल्याकडे अप्रकट उष्मा म्हणतात, थर्मामीटरवर ती प्रकट होत नाही म्हणून. पुढे १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी उष्णता मोजायचं यंत्रच बर्फाचं केलं, आत गरम वस्तू ठेवायची, भोवती बर्फ, आणि वितळलेलं पाणी तोलायचं. थर्मामीटर न वापरता नुसत्या वजनावरून उष्णता काढायची, केवढी सुंदर कल्पना आहे!

तर आता तुमचं गणित. पाण्याने दिलेली उष्णता २०० गुणिले ४.१८४ गुणिले ३० वजा टी. बर्फाने घेतलेली ५२२.५ अधिक ८३५० अधिक १०४.६ टी. दोन्ही बरोबर ठेवलं की टी येतो १७.२ अंश.

पण थांबा, इथे एक गोष्ट आधी तपासायची असते आणि ती कोणी सांगत नाही. सगळा बर्फ वितळेल इतकी उष्णता पाण्याकडे आहे का? ३० अंशाचं २०० ग्रॅम पाणी शून्यापर्यंत आलं तर जास्तीत जास्त २५१०४ ज्यूल देऊ शकतं. बर्फाला वितळेपर्यंत ८८७२.५ लागतात. आहे, पुरेसं आहे. आता समजा बर्फ २५ ऐवजी १०० ग्रॅम असता तर? शून्यापर्यंत यायला २०९० आणि वितळायला ३३४००, एकूण ३५४९०. पाण्याकडे एवढं नाहीच. तरीही आंधळेपणाने समीकरण सोडवलं तर टी येतो उणे ८.३ अंश, म्हणजे साधं पाणी उणे ८ अंशाला द्रवरूपात बसलंय, आणि आपण मुकाट्याने उत्तराखाली दोन रेघा मारतो. खरं उत्तर असं की शेवटचं तापमान शून्य, २५१०४ मधले २०९० गेले, उरलेल्या २३०१४ ज्यूलमध्ये साधारण ६८.९ ग्रॅम बर्फ वितळला आणि ३१.१ ग्रॅम तसाच तरंगत राहिला. समीकरणाला बर्फ संपला की नाही हे कळत नाही, ते आपण त्याला सांगायचं असतं.

प्रश्न : बाँब कॅलरीमीटरच्या (बंद भांड्यात पदार्थ जाळून उष्णता मोजायच्या यंत्राच्या) गणितात पाण्याचं वस्तुमान दिलं असेल तर ते वापरायचं की नाही? कधी वापरतात, कधी नाही, मला तर काही नियमच दिसत नाहीये.

उत्तर : नियम आहे. दिलेली उष्माधारकता, म्हणजे अख्खी वस्तू एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, कोणाची आहे ते वाच. नुसत्या भांड्याची दिली असेल तर पाण्याचा हिशोब वेगळा करून त्यात मिळवायचा. पाण्यासकट संपूर्ण कॅलरीमीटरची दिली असेल तर पाणी त्यातच आलं, पुन्हा मिळवलं की दोनदा मोजलं जातं. वाक्यात काय लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचायचं, कारण आकड्यांकडे बघून हे कळत नाही.

ही संपूर्ण उष्माधारकता येते कुठून तेही सांगते. बेंझोइक आम्ल जाळून. ते जळताना प्रत्येक ग्रॅमला २६.४३ किलोज्यूल देतं हे फार अचूक माहीत आहे. समजा १.०० ग्रॅम जाळल्यावर तापमान २.६४ अंशांनी वाढलं, तर २६.४३ भागिले २.६४ म्हणजे १०.० किलोज्यूल प्रति अंश. इथे ग्रॅम नाहीत हे बघ, एकक ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश नसून नुसतं प्रति अंश आहे, कारण भांडं, पाणी, ढवळणी, तार सगळं मिळून एकच वस्तू धरलीय. आता त्याच यंत्रात ०.५०० ग्रॅम नॅफ्थलीन जाळलं आणि २.०१ अंश वाढ झाली तर उष्णता २०.१ किलोज्यूल, प्रत्येक ग्रॅमला ४०.२, आणि मोलर वस्तुमान १२८.२ ने गुणलं की जवळपास ५१५० किलोज्यूल प्रति मोल, अर्थात उणे. जळणाऱ्या पदार्थाचं वस्तुमान फक्त इथे शेवटी येतं. बरेच जण ०.५०० ग्रॅम हे एम म्हणून एम सी डेल्टा टी मध्ये घालतात, पण नॅफ्थलीन तर जळून गेलं, तापलं ते यंत्र.

बाँबचं आकारमान बंद असल्यामुळे हा आकडा खरं तर डेल्टा यू (अंतर्गत ऊर्जेतला बदल) असतो, डेल्टा एच (स्थिर दाबाखालची उष्णता) नव्हे. नॅफ्थलीनसाठी दोघांत सुमारे ५ किलोज्यूलचाच फरक पडतो, ५१५० पुढे तो किरकोळ आहे, पण प्रश्नात विचारला असेल तर वायूंच्या मोलमधला फरक काढून तो लावावाच लागतो.

प्रश्न : आम्ही प्रॅक्टिकलला उदासीनीकरणाची (आम्ल आणि अल्कली मिसळण्याची) उष्णता काढली, तेच ५०-५० मिली, १.० मोलर. तापमान ६.१ अंशांनीच वाढलं आणि उत्तर उणे ५१ आलं. मित्र म्हणाला जर्नलमध्ये ५६ लिहून टाक, सगळे तेच करतात. काय करू?

उत्तर : ५१ च लिही. कृपा करून ५१ च लिही. तुझं मोजमाप चुकलेलं नाहीये, हिशोबातून दोन जण सुटलेत, त्यांना शोध.

पहिला म्हणजे ज्यात द्रावणं मिसळली तो कप. तोही तापला, त्यानेही उष्णता घेतली. ती काढायला त्याच कपात २०.० अंशाचं ५० ग्रॅम पाणी घे, त्यात ६०.० अंशाचं ५० ग्रॅम पाणी ओत. कप काहीच खात नसता तर तापमान बरोबर ४०.० आलं असतं. समजा ३९.२ आलं. गरम पाण्याने दिले ५० गुणिले ४.१८४ गुणिले २०.८, म्हणजे ४३५१ ज्यूल, गार पाण्याला मिळाले ४०१७. मधले ३३४ ज्यूल कपाने घेतले आणि तो १९.२ अंश तापला, म्हणजे कपाची उष्माधारकता १७.४ ज्यूल प्रति अंश. हे धरून तुझं गणित परत केलं तर ४१८.४ अधिक १७.४ म्हणजे ४३५.८, गुणिले ६.१, आणि उत्तर उणे ५३.२ येतं. तुझ्या कपाचा आकडा वेगळा असेल, तो तूच काढायचा आहेस.

दुसरा म्हणजे वेळ. मिसळल्यापासून तापमान शिखराला पोचेपर्यंत जी मिनिटं जातात तेवढ्यात बाहेर उष्णता निसटत असते, म्हणजे थर्मामीटरवर दिसलेलं शिखर खऱ्या शिखरापेक्षा बुटकं असतं. यासाठी मिसळण्याआधी काही मिनिटं आणि मिसळल्यानंतर आठ-दहा मिनिटं दर ३० सेकंदांनी रीडिंग घे, ग्राफ काढ, आणि नंतरचा जो हळूहळू उतरणारा भाग आहे ती रेघ पट्टी लावून मागे मिसळण्याच्या क्षणापर्यंत वाढव. तिथे जो फरक मिळतो तो खरा डेल्टा टी. समजा तो ६.१ ऐवजी ६.४ निघाला तर ४३५.८ गुणिले ६.४ म्हणजे २७८९ ज्यूल, भागिले ०.०५० मोल, आणि उत्तर उणे ५५.८. जर्नलमध्ये आधीचा ५१ तसाच ठेव, त्याच्या खाली कपाची दुरुस्ती आणि त्याच्या खाली ग्राफ लाव.